तलावाच्या पोटातली झाडं

सुनावणी साडेदहाची होती. पालिकेच्या सर्कल ऑफिसच्या व्हरांड्यात पंख्याखालची जागा धरून मी दहालाच बसलो होतो. मांडीवर फाइल, शेजारी वकील. ज्या बाईविरुद्ध मी लेखी हरकत घेतली होती ती माझी सख्खी मावसबहीण, शालिनीताई. ती माझ्या कारखान्यामागच्या तलावाची हद्द आखणारी भूमापक आणि मी त्या हद्दीत अडकलेला कारखानदार. ती जिना चढून वर आली की उठून उभं राहायचं की फायलीत डोकं घालायचं, एवढ्याच विचारात मी तासभर काढला. सव्वाअकराला आतला शिपाई बाहेर आला. आमचं नातं त्याला ठाऊक नसावं. वकिलाकडे बघून म्हणाला, "आज नहीं होता साब. शालिनी मॅडम गुजर गए. सुबू घर में इच. अटॅक आया बोल के फोन आया."

आता खरं सांगतो. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की सुनावणी पुढे गेली... सुटलो. रडू नंतर आलं, दिलसुखनगरला तिच्या घराकडे जाताना, ऑटोत. इतकं आलं की ऑटोवाल्यानं गाडी कडेला घेऊन पाण्याची बाटली पुढे केली. पण आधी आलं होतं ते हेच. आठ आठवडे झाले, ते काही जात नाही.

या पुरवणीच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी तिला पाहिलं असेल. हैदराबादच्या मराठी घरांतून जमिनीचे जुने उर्दू कागद निघाले, की "शालिनीकडे घेऊन जा" असंच सगळे म्हणत. ती विद्या तिला वडिलांकडून मिळाली. तिचे वडील, म्हणजे माझे काका, जमिनीच्या जुन्या दफ्तरात कारकून होते. अफझलगंजला ग्रंथालयाच्या मागे दोन भाड्याच्या खोल्यांत राहायचे. माझ्या वडिलांची शिक्षकाची नोकरी, दर तीन वर्षांनी नवा तालुका, म्हणून मला शाळेसाठी मावशीकडे ठेवलेलं. संध्याकाळी काका आम्हा दोघांना समोर बसवून उर्दू अक्षरं गिरवायला लावत. मी चार दिवसांत पोट दुखतंय, डोकं दुखतंय सुरू केलं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, ती मात्र चिकटून राहिली आणि दहावीच्या आत जुने मोजणी-नकाशे वाचायला लागली. त्या नकाशांना टिपण म्हणतात. कुठून कुठवर किती साखळ्या, मध्ये विहीर, पलीकडे ओढा, असं सगळं त्यात उर्दूत लिहिलेलं असतं. मला ते आजही मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. "बाळ्या, तू पळालास म्हणून मला दोन्ही वाटणीचं शिकायला मिळालं," असं ती मला पुढे कितीदा तरी चिडवायची.

भूमापक म्हणून लागली तेव्हा मोजणीची साखळी घेऊन रानात उतरणारी ती एकटीच बाई होती. माझ्याकडे स्कूटर होती, कॉलेजला दांड्या मारायची हौसही होती, म्हणून सुरुवातीला मीच तिला सोडायला जायचो. तिची कामाची एक रीत होती. कुठल्याही तलावावर गेली की नकाशा पिशवीतच ठेवायची आणि आधी धोबी शोधायची. म्हणायची, पाटील आपल्या सोयीनं सांगतो, शेतकरी आपल्या बांधापुरतं सांगतो. धोब्याला मात्र रोज पाण्याच्या कडेला उभं राहावंच लागतं. पाणी चढलं की त्याचा दगड मागे, उतरलं की पुढे. भरल्या तलावात त्याचे वडील कुठे धूत होते, आजा कुठे धूत होता, हे ती त्यांना चालत दाखवायला लावायची आणि मागून चुना टाकत जायची. मग कागद काढायचा आणि ताडून बघायचा. दोन्ही जुळले तरच सही. नाही जुळले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, दुसरा धोबी. तिचे साहेब वैतागायचे, मीही वैतागायचो. एकदा उन्हात तीन तास थांबून मी तिला सोडून निघून आलो होतो. ती बसनं परत आली आणि मावशीला तिनं सांगितलंच नाही.

माझा कारखाना कुकटपल्लीच्या पुढे, औद्योगिक वसाहतीत. पुठ्ठ्याची खोकी बनवतो. मागच्या भिंतीला लागून एक लहान तलाव आहे, इथल्या भाषेत कुंटा. उन्हाळ्यात आटतो, तळाशी गवत उगवतं, म्हशी बसतात. काही वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली, हवामानासाठी तुम्ही स्वतःहून काय करता? कायद्याची सक्ती नव्हती. पण ज्याचं उत्तर चांगलं, त्याला ऑर्डर, हे आम्ही ओळखून होतो. आणि नुसतं धंद्यासाठी केलं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. वसाहतीतल्या आम्हा दहा-बारा जणांना खरोखरच काहीतरी चांगलं करायची हुक्की आली होती. छपरावर सोलर बसवलं, बॉयलरचा धूर कमी केला आणि मग कुंटा दत्तक घेतला. काठ दलदलीचा होता. कुठल्याशा इमारतीच्या पायातून निघालेली माती फुकट मिळाली, ती टाकून आम्ही तो छान सपाट केला. त्यावर करंज, कडुनिंब, बहावा लावले, मधून फिरायची वाट, बाकडी, फलक. तिथे नरसिम्हा नावाचा म्हातारा धोबी होता. माती पडत असताना तो दोनदा मला सांगायला आला, "इधर तक पानी आता सार. मैं छोटा था तब से देखरौं." मी हसून म्हटलं, "अब किधर का पानी, नरसिम्हा? जमाना बदल गया." ज्या पोरानं ताईच्या मागे धोब्यांच्या पावलांमागे चुना पडताना पाहिला होता, त्यानंच हे म्हटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्याहून मोठा शहाणपणा पुढे केला. एखादा बिल्डर येऊन कुंट्यावर हात मारेल या भीतीनं मीच सगळ्यांच्या वतीनं पालिकेला अर्ज दिला, की या तलावाची हद्द कायम करून त्याला संरक्षण द्यावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पालिकेनं तेव्हा एकेका तलावात तो पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेषा आखून दगड पुरायचं काम काढलंच होतं. आमचा अर्ज लगेच मंजूर झाला आणि काम आलं शालिनीताईकडे. तिनं वर लेखी कळवलं, की अर्जदार माझा भाऊ आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. पण टिपण वाचणारं दुसरं माणूस नव्हतं. शेवटी तिनं आखायचं आणि दुसऱ्या भूमापकानं तपासायचं असं ठरलं.

ती आली त्या सकाळी मी ऐटीत तिला आमची झाडं दाखवायला निघालो. वाटेवर चार पावलं टाकून ती थांबली. चपलेच्या टोकानं माती उकरली. "ही माती कुठली रे?" मी सांगितलं. तिनं नरसिम्हाला हाक मारून पुढे चालायला सांगितलं. तो आमच्या वाटेवरून चालला नाही, बाकड्यांच्याही मागून, पार माझ्या भिंतीच्या कोपऱ्याशी जाऊन वळला... आणि मागे पांढरी रेघ. आमचा अख्खा हरितपट्टा रेघेच्या आत, पाण्याच्या बाजूला. मग तिनं टिपण काढलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं होतं, तरी मी हसण्यावारी नेत म्हटलं, "ताई, जरा पलीकडून घे की. झाडंच तर आहेत. बिल्डिंग बांधली का मी?" ती नकाशावरून मान वर न करता म्हणाली, "याला कागदात शिकम लिहिलंय. शिकम म्हणजे पोट. तू तलावाच्या पोटात झाडं लावलास, बाळ्या. पाणी कुठं जाईल मग? खालच्या वस्तीत?" मी म्हटलं, "तीन वर्षांत आलंय का पाणी?" ती म्हणाली, "तू तीन वर्षांचं बोलायलास. ह्या कागदाला बघ, केवढं वय आहे."

घरी गेल्यावरही मी फोन करून पुन्हा विचारलं. वीस फूट. फक्त वीस फूट रेघ आत घे, पट्टा वाचतो. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं त्या पट्ट्याचे फोटो स्वतःच्या अहवालात छापले होते. पट्टा तलावावरचं अतिक्रमण ठरला असता तर ऑर्डर हातची गेली असती, हे मी तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "झाडं हलवता येतात का बघू," म्हणाली. "रेघ हलत नाही." मी फोन आपटला. मी मुळात तापट, आणि नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्या वर्षी भाऊबीजेला मी गेलो नाही, तिनंही बोलावलं नाही.

मग हरकत. वकिलानं मसुदा आणला. रेषा जुनी आहे, परिस्थिती बदलली आहे, झाडं पर्यावरणासाठीच आहेत, वगैरे वगैरे. आणि शेवटी एक कलम, की भूमापक आणि अर्जदार यांच्यात कौटुंबिक मालमत्तेचा वाद असून त्या आकसापोटी ही हद्द आखली आहे. मी म्हटलं, "असा काही वाद नाहीये." वकील म्हणाला, "नसू दे. एवढ्यानं फाइल तिच्या हातून निघते." मी वाचलं, पुन्हा वाचलं, पेन उचललं आणि सही केली. त्यात मला कुणी ढकललं नव्हतं.

पहिल्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी ते कलम मोठ्यानं वाचलं. खोलीत आम्ही पाच जण होतो. ताई माझ्या समोर, मध्ये टेबल. तिचा चेहरा आधी गोंधळल्यासारखा झाला, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असा. मग तिनं माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "हे वाक्य तुझं आहे की वकिलाचं?"

"वकिलाचं."

"सही कुणाची आहे?"

"माझी."

आकसाचा आरोप लेखी आला म्हटल्यावर नियमानं चौकशी लागली, फाइल तिच्याकडून काढली गेली आणि पुढच्या सुनावणीला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. निवृत्तीला नऊ महिने राहिले होते. उभ्या नोकरीत तिला कधी कुणी साधा खुलासा मागितला नव्हता. जिन्यात मी तिच्या मागे होतो. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. मला वाटलं, गुडघे दुखत असतील... हाक मारावीशी वाटली, मारली नाही. ती आमची शेवटची भेट.

तिची मुलगी रश्मी सांगते, की डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच हृदयाचं सांगितलं होतं, आईनं औषधं नीट घेतली नाहीत. ती हे मला धीर द्यायला सांगते. मी फार रडलो म्हणून. मी का रडत होतो ते तिला ठाऊक नव्हतं. ताईनं घरी माझं नाव काढलंच नव्हतं. "ऑफिसमध्ये एका फॅक्टरीवाल्यानं कम्प्लेंट केली" एवढंच म्हणाली होती.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी रश्मीनं मला बोलावलं. दिलसुखनगरच्या त्या फ्लॅटमध्ये खालच्या कोचिंग क्लासचा माइक दिवसभर ऐकू येतो, तसा येत होता. तिनं ताईच्या पिशवीतली वही माझ्या पुढ्यात ठेवली. "मामा, हे तुम्ही वाचून द्या. मला मराठी छापलेलं असलं तर जोडून जोडून येतं. जोडाक्षर आलं की थांबते. आणि हे तर हॅन्डरायटिंग. त्या कम्प्लेंटचं काहीतरी लिहिलंय वाटतं."

मी वाचायला लागलो. आधीची पानं झाडांची होती. 'करंज, भिंतीकडून तिसरा, बुंधा मनगटाएवढा, मुळांसकट निघेल.' 'बहावा दोन, निघतील.' 'कडुनिंब मोठा, नाही निघणार. पाण्यात तगेल का, नरसिम्हाला विचारणे.' रेघेबाहेर पालिकेचा मोकळा तुकडा आहे, तिथे किती खड्डे बसतील त्याचं चित्रही होतं. पानांवर तारीख-वार घातलेले. सगळे रविवार, आणि सगळे फाइल काढून घेतल्यानंतरचे. म्हणजे मी घरी बसून तिच्याविरुद्ध कागद जमवत होतो, तेव्हा ही बाई सुट्टीच्या दिवशी दिलसुखनगरहून कुकटपल्लीपर्यंत येऊन माझी झाडं वाचवायचा हिशेब मांडत होती. मला पुढे वाचवेना. रश्मी म्हणाली, "थांबू नका ना, मामा."

पुढच्या पानावर खुलाशाचा मसुदा होता. 'तक्रारदार बाळकृष्ण हे माझे मावसभाऊ. आमच्यात मालमत्तेचा कोणताही वाद नाही व नव्हता. माझ्या वडिलांच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या होत्या, त्याही सोडल्या. तक्रारदार त्याच खोल्यांत माझ्यासोबत वाढले. त्यांनी असं का लिहिलं हे मला समजलेलं नाही.'

मी वाचलं ते असं: "तक्रारदाराशी माझा कोणताही वाद नाही व नव्हता." तिथेच थांबलो.

"एवढंच? इतक्या ओळी दिसायल्यात."

"बाकी खोडलंय," मी म्हणालो. खोडलेलं काहीही नव्हतं. तिच्या नजरेसमोर पान उघडं होतं, ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला ते वाचता येत नव्हतं.

"कोण आहे हा माणूस, मामा? नाव लिहिलंय का?"

"नाही."

"मिळू दे मला एकदा," ती म्हणाली. मग वही माझ्याच हातात दिली. "तुम्ही टाइप करून ऑफिसमध्ये द्या प्लीज. आईचं नाव क्लिअर व्हायला पाहिजे. माझं दुसरं कोण आहे इथं?"

ती वही माझ्या घरी तीन दिवस होती. ते पान फाडलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. मी फाडायच्या विचारानं उघडलीही होती, लपवून काय उपयोग. फाडलं नाही हा काही माझा चांगुलपणा नव्हे. तिच्या अक्षराला हात लावायची हिंमत झाली नाही, इतकंच. चौथ्या दिवशी तिचा खुलासा जसाच्या तसा, माझ्या नावासकट, टाइप करून ऑफिसात दिला आणि वही रश्मीला परत केली. खुलाशासोबत माझी हरकत मागे घेतल्याचा अर्ज आणि ते कलम धादांत खोटं होतं असं प्रतिज्ञापत्र. वकिलानं कपाळावर हात मारला. वसाहतीतल्या मंडळींनी माझ्याशी बोलणं सोडलं. चौकशी बंद झाली. ताईची रेघ कायम झाली आणि तिच्यावर दगड बसले. जी झाडं निघतील असं तिनं लिहिलं होतं, ती आम्ही पालिकेच्या माळ्यांबरोबर हलवतो आहोत. टाकलेली मातीही उचलतोय, ती फुकट उचलत नाही कुणी. गिऱ्हाइकाला सगळं खरं कळवलं आहे, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

चौकशी बंद झाल्याचं पत्र रश्मीला गेलं, दोन ओळींचं, तक्रार मागे घेण्यात आली आहे असं. त्यात नाव नव्हतं. तिनं मला फोन केला. "थँक्यू मामा. तुम्ही होतात म्हणून झालं." मी "असू दे, असू दे" म्हणालो आणि फोन ठेवून बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसलो.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा स्वतःला सांगत होतो, की आता सगळं उघड करायचं, चार लोकांसमोर. बराचसा लिहून झाला आणि मग लक्षात आलं, की हे छापून आलं तर हैदराबादची सगळी मराठी घरं वाचतील, आणि जिनं वाचायला हवं तिलाच ते वाचता येणार नाही. मी कबुली देत होतो ती नेमक्या अशा जागी, जिथे ती ऐकायला येणार नाही. त्याचा मला इतका संताप आला, की कागद घेऊन तसाच निघालो.

काल दुपारी ताईच्या खोलीत बसून मी रश्मीला इथपर्यंतचा लेख वाचून दाखवला. 'सुटलो'शी तिनं मान वर केली, पण थांबवलं नाही. भाड्याच्या खोल्या आल्या, जिना आला, मी वगळलेल्या ओळी आल्या. वाचून झाल्यावर खालचा माइक तेवढा चालू होता. ती रडली नाही. मला ते रडण्यापेक्षा कठीण गेलं.

"आईची शेवटची लाइन परत वाचा," ती म्हणाली.

मी वाचली. "त्यांनी असं का लिहिलं हे मला समजलेलं नाही."

"मग? का लिहिलात?"

"ऑर्डर जाईल म्हणून."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता जा म्हणेल, आणि मी चपला शोधायला लागलो. ती ताईची वही घेऊन आली, माझ्या शेजारी खाली बसली आणि वही पहिल्या पानाशी उघडली. "मला ही वही वाचायला शिकायचंय. पूर्ण. दर रविवारी येऊन तुम्हीच शिकवायचं," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "एक शब्दसुद्धा सोडायचा नाही, मामा. बोट ठेवा."

मी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.